उभे शब्द जिजीचे

त्या पत्राला अप्पांनी उत्तर दिले नव्हते, या गोष्टीला आता अकरा वर्षे झाली. पत्र हरवले असते तर एक वेळ बरे होते. पण ते शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात, मागच्या पुठ्ठ्याला टेकून, जसेच्या तसे होते. आणि शब्दकोश तर अप्पांना रोज लागायचा. त्यामुळे उत्तर न देण्याचे काम त्यांना रोज नव्याने करावे लागे.

पत्र वर्तमानपत्राच्या पत्त्यावर आले होते. 'शब्दकोडेकार विणकर यांस' एवढाच मायना, आणि खाली चार-पाच ओळी. 'आपले कोडे रोज सोडवते. आडवी सूत्रे वाचून कधीकधी एकटीच हसते. उभी मात्र कुणीतरी कंटाळून लिहिल्यासारखी वाटतात. उभ्यांची मला जुनी सवय आहे. हवी असल्यास करून देईन. कळवावे.'

सही नव्हती, नुसता पत्ता होता. सहीची गरजही नव्हती. 'ळ'ची दोन्ही वेटोळी एवढी गरगरीत काढणारी बाई अप्पांच्या ओळखीत एकच होती, आणि ती त्यांची थोरली बहीण होती.

विणकर म्हणजे आपला धाकटा भाऊ, हे जिजीला ठाऊक असणे शक्यच नव्हते. कचेरीबाहेर ते कुणालाच ठाऊक नव्हते. मुद्रितशोधकाची नोकरी संपल्यावर गेली पंधरा वर्षे अप्पा दर मंगळवारी 'रक्तदाब दाखवून येतो' म्हणून घरातून निघत, वाचनालयातल्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसत, आठवडाभर डोक्यात घोळवलेली कोडी कागदावर उतरवत आणि परस्पर कचेरीत देऊन येत. जिजीला उत्तर लिहायचे तर एक तर खोटे लिहायला हवे होते, नाहीतर खरे. अप्पांना दोन्ही जमले नाही.

आणि आता जिजीच घरात होती. शनिवारी संध्याकाळी दोन बॅगा घेऊन आली होती. तिने आपली जागा सोडली होती. सोमवारी दुपारच्या विमानाने ती मुलीकडे निघणार होती, समुद्रापलीकडे, कायमची.

त्यातच शुक्रवारी पुरवणीच्या संपादकीणबाईंचा फोन येऊन गेला होता. वयाने त्या अप्पांच्या नातीहून चार वर्षांनी मोठ्या असतील. "सर, राग मानू नका, पण उभी सूत्रं फार सपक होतात अशी पत्रं येतायत. महिनाअखेरपर्यंत बघू या. नाहीतर संगणकावर तयार होणारी कोडी घ्यावीत, असं वरचे म्हणतायत."

"बरोबर आहे त्यांचं," असे म्हणून अप्पांनी फोन ठेवला होता. राजीनाम्याचा मसुदा त्यांच्या मनात तेव्हाच तयार झाला होता. तेवढे एक लिखाण त्यांना नेहमीच झटपट जमे.

रविवारचे कोडे मोठे असे, आणि ते सगळ्यांनी मिळून सोडवायचे, हा दादांच्या म्हणजे अप्पांच्या वडिलांच्या वेळचा रिवाज या घरात अजून टिकून होता. पेन्सिल नातीकडे असे. ती संख्याशास्त्र शिकत होती आणि अक्षर तिचे बरे होते. बाकीच्यांनी नुसती तोंडे चालवायची.

"आडवा एक," नातीने सुरुवात केली. "'मोत्यांची माळ आणि मोटार मिळून राज्य करतात.' चार अक्षरं."

"महाराणी!" मुलगा म्हणाला. तो लिफ्ट तपासणीस होता आणि पहिले उत्तर ठोकून देण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे.

"त्यात मोटार कुठंय?" सूनबाई म्हणाली. ती औषधांच्या दुकानात बसायची; कुठल्याही गिचमिडीतून अर्थ काढायची तिला सवय. तिने कपाळाला आठी घातली. "मोटार म्हणजे… कार. शेवटी कार असणार. आणि माळ… मोत्यांचा… सर! अहो, सरकार!"

तिने टेबलावर हात मारला, बशा वाजल्या, आणि अप्पांनी घाईने मान खाली घातली. कपाळावरची आठी अशी एका क्षणात सुटताना पाहणे हे त्यांचे गेल्या पंधरा वर्षांतले एकमेव व्यसन होते. या सूत्रासाठी त्यांनी दोन मंगळवार घालवले होते. ते वसूल झाले.

आपल्याच कोड्याची उत्तरे आपण द्यायची नाहीत, एवढा प्रामाणिकपणा त्यांनी पाळला होता. त्यामुळे निवृत्तीनंतर अप्पांचे डोके जरा मंदावले, असा घरात समज झाला होता. सगळे त्यांना सांभाळून घेत.

"अप्पा, हे तुम्हाला येईल बघा," मुलगा म्हणाला. "'हाच उलटा केला की झोप उडते.' दोन अक्षरं. सावकाश सांगा, घाई नाही."

अप्पांनी छताकडे पाहिले. योग्य तेवढा वेळ जाऊ दिला. "चहा?"

"शाब्बास!" मुलाने त्यांच्या पाठीवर थाप दिली.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जिजीने रुमाल तोंडाशी धरला. तिला खोकला आला असावा.

"पुढचं ऐका. 'कुठूनही वाचा, जुना होत नाही.' तीन."

यावर पाच मिनिटे गेली. मुलाने दोन राजे आणि एक देव सुचवून पाहिला. शेवटी नातीलाच सुचले. "नवीन! इकडून न-वी-न, तिकडूनही न-वी-न! काय माणूस आहे हा विणकर! याला एकदा बघायचंय मला."

"बघून काय करणार?" अप्पांनी विचारले.

"काही नाही. हा डोळे मिटून हसतो का, ते बघणार. चला, उभे घेऊ."

"उभे माझ्याकडे," मुलगा सरसावला. "वर-खाली करणं हा आपला धंदा."

अप्पांनी नकळत जिजीकडे पाहिले. ती खिडकीबाहेर बघत होती.

"उभा दोन," नात वाचू लागली. "'एक पक्षी.' तीन अक्षरं."

"परत पक्षी? गेल्या रविवारी पण पक्षीच होता!"

"उभा पाच. 'झाडाचा भाग.' उभा सात. 'एक रंग.'"

"ही काय सूत्रं झाली? बालवाडीची परीक्षा आहे नुसती," सूनबाई म्हणाली. "आडव्यात जीव टांगणीला लावतो आणि उभ्यात पाट्या टाकतो मेला."

अप्पांनी खाली मान घालून बशीतला चमचा सरळ केला. मग वाकडा केला. मग पुन्हा सरळ केला.

"माझ्याकडे पुरावा आहे," नात म्हणाली आणि तिने बाजूची वही उघडली. "दोन वर्षं मी घड्याळ लावून बसते. आडवं सूत्र सुटायला सरासरी अडीच मिनिटं. उभं वीस सेकंद. दोन वर्षांत एकदाही उलट झालं नाही. एकाच डोक्यातून असं निघणं अशक्य. माझा निष्कर्ष असा, की विणकर दोन आहेत."

"एक कामाचा आणि एक वशिल्याचा," मुलगा म्हणाला, आणि सगळे हसले.

"दोन नाहीत गं आकडेवाले," जिजी म्हणाली. सकाळपासूनचे तिचे हे पहिलेच वाक्य. आवाज अगदी साधा होता, मीठ मागावे तसा. "एकच आहे. दुसऱ्याची जागा रिकामी आहे, इतकंच."

अप्पांच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला.

"तुला कसं कळलं जिजीआजी?"

"उभ्यांची मला जुनी सवय आहे," जिजी म्हणाली.

पत्रातलेच शब्द. अक्षरही न बदलता. अप्पांच्या कानाची पाळी गरम झाली. म्हणजे तिला ठाऊक होते. आज नाही, काल नाही. पत्र लिहिले तेव्हाच ठाऊक होते. तिने विणकराला विचारलेच नव्हते. तिने भावाला विचारले होते, आणि भाऊ अकरा वर्षे गप्प बसला होता.

"मग राहा ना आत्या इथंच," मुलाने संधी साधली. त्याचे आणि सूनबाईचे रात्री काहीतरी ठरलेले दिसत होते, कारण तीही लगेच पुढे सरकली. "मधली खोली मोकळीच आहे. रविवारी उभे तुझ्याकडे, कायमचे. मी राजीनामा देतो."

अप्पांची बायको कडेला मटार सोलत बसली होती. कोड्यात तिला रस नव्हता, माणसांत होता. "ज्यानं विचारायला हवं त्यानं विचारावं," ती शेंग मोडत म्हणाली. "बाकीच्यांनी मध्ये लुडबुड करू नये."

सगळ्यांच्या माना अप्पांकडे वळल्या. अप्पांनी घसा साफ केला.

"आणखी चहा हवाय का कुणाला?" त्यांनी विचारले.

जिजी मोठ्याने हसली. "घुम्या तो घुम्याच," ती म्हणाली आणि उठून बॅगा आवरायला गेली.

अप्पा कपबशा घेऊन स्वयंपाकघरात गेले, तशी बायको मटाराचे भांडे घेऊन मागोमाग आली आणि तिने दार लोटून घेतले.

"रक्तदाब कसा आहे?"

"ठीक आहे. का?"

"पंधरा वर्षं दर मंगळवारी दाखवताय. तपासून येणाऱ्या माणसाच्या बोटांना शाई कशी लागते हो?"

अप्पा नळाखाली एकच कप धूत राहिले.

"रद्दी मी बांधते. चौकोन आखलेले कागद निघतात त्यात. मला काय दिसत नाही? म्हटलं, सांगतील तेव्हा सांगतील. मला नाही सांगितलंत तरी चालेल, माझं काही अडलेलं नाही. पण वन्सं उद्या जातायत."

"काय सांगू तिला?"

"ते मला विचारू नका. मला कोडी येत नाहीत." तिने त्यांच्या हातातला कप काढून घेतला. "आणि हा धुऊन झालाय."

जिजी मागच्या गॅलरीत उभी होती. ऊन कलले होते. खाली सायकल दुरुस्तीच्या दुकानात कुणीतरी चाक फिरवून बघत होते आणि त्याचा टिकटिक आवाज वर येत होता. अप्पा कठड्याशी जाऊन उभे राहिले, बहिणीपासून हातभर अंतरावर.

दादांच्या वेळी घरात वर्तमानपत्र एक आणि कोड्याला झोंबणारी पोरे दोन. भांडणे नकोत म्हणून दादा रोज सूत्रांच्या रकान्याला बरोबर मधोमध घडी घालत. आडवी सूत्रे घुम्याची, उभी जिजीची. दुसऱ्याच्या बाजूला डोकावायचे नाही. आपापले लिहायचे, आणि अडले की दुसऱ्याच्या अक्षराची वाट बघायची. तोंडी उत्तर दादा धरत नसत. चौकटीत लिहाल तेच उत्तर. सात-आठ वर्षे हे असे चालले. अप्पा कोडी सोडवायला शिकले ते अर्धीच. पुढे करायला लागले तेव्हाही कोरा कागद समोर आला की हात आपोआप मधोमध घडी घाले, आडवी बाजू भरभर भरून निघे, आणि उभ्या बाजूशी आले की आपण परक्याच्या खोलीत शिरतो आहोत असे त्यांना होई. 'एक पक्षी' लिहून ते पाय काढता घेत.

"तू मला कधी ओळखलंस?" त्यांनी विचारले.

"पहिल्याच आठवड्यात. तुझी आडवी सूत्रं मी ओळखणार नाही?"

"मग पत्रावर नाव का नाही लिहिलंस?"

"तू लिहिलं होतंस माझं?"

चाकाची टिकटिक थांबली. अप्पांना हा प्रश्न सत्तावन्न वर्षांपूर्वीच पडायला हवा होता. त्या वर्षी वर्तमानपत्राने मोठ्या कोड्याची स्पर्धा ठेवली होती. दोघांनी तीन दिवस खपून ते सोडवले, घडी घालूनच. खाली कूपन होते, नावासाठी एक ओळ. पाकीट टाकायला अप्पा निघाले होते, तेव्हा ती ओळ त्यांनीच भरली. पहिले बक्षीस लागले, नाव छापून आले, मुख्य संपादकांनी भेटायला बोलावले आणि अठराव्या वर्षी अप्पांना मुद्रितशोधकाची नोकरी मिळाली. छापलेले नाव बघून जिजी "छान आलंय" एवढेच म्हणाली होती. दुसऱ्या दिवशीपासून तिला कोड्यासाठी वेळ मिळेनासा झाला. पुढे ती टेलिफोन कचेरीत लागली. त्या छापलेल्या नावानंतर अप्पांनी आपले नाव कुठेही छापू दिले नव्हते. ती शिक्षा आपण आपल्याला दिली आहे, असे त्यांना वाटे. त्यातून जिजीला काय मिळाले, हे मात्र त्यांनी स्वतःला कधी विचारले नव्हते.

"कूपनवर एकच ओळ होती गं," ते म्हणाले. म्हणतानाच त्यांना त्याची लाज वाटली.

"ओळ एकच होती. पण भोवती कोरा कागद केवढा होता!" जिजीच्या आवाजात राग नव्हता, तो कधीच वापरून संपला असावा. "मला नोकरी नको होती रे. माझी मला मिळाली. छत्तीस वर्षं इकडच्या माणसाला तिकडच्या माणसाशी जोडून देत होते. बोलायचे ते दोघं, मधे मी, आणि माझं नाव कुणाला माहीत नाही. मला त्याचंही काही वाटलं नाही. पण रोज सकाळी तुझं कोडं उघडायचं, आणि माझ्या बाजूला 'एक पक्षी'! अरे, निदान बाजू तरी बरी ठेवायचीस."

अप्पांना हसू आले आणि डोळ्यांतही पाणी आले. दोन्ही एकदम आल्याने काय करावे ते त्यांना कळेना. "इथे राहशील का?" त्यांनी विचारले.

"नाही. मला लेकीकडे जायचंय, मनापासून जायचंय. पण विचारलंस ते बरं झालं."

"आणि त्या पत्राचं… जिजी, मी तुला…"

"अं हं!" तिने हात वर केला, अगदी दादांसारखा. "तोंडी नको. आपल्याकडे तोंडी उत्तर कधी धरलंय? मी पोस्टानं विचारलं होतं."

सोमवारी उजाडताच अप्पा जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसले. पहिल्या मसुद्यात दादा होते, कूपन होते आणि तीन पाने क्षमा होती. तो त्यांनी फाडला. दुसऱ्यात क्षमा एक पान होती. तिसऱ्यात त्यांनी स्वतःला इतकी नावे ठेवली, की वाचणाऱ्याने उलट त्यांचेच सांत्वन करावे. तेही दोन्ही फाडले. मग त्यांनी पुढच्या रविवारचा चौकोन काढला, सूत्रांच्या कागदाला मधोमध घडी घातली, आडवी सूत्रे सुवाच्य अक्षरात उतरवली आणि उभी बाजू नुसते आकडे घालून कोरी सोडली.

"हे काय चाललंय?"

नात मागे उभी होती, दात घासायचा ब्रश हातात धरून. तिने चौकोन पाहिला. फाडलेल्या कागदांवरचे अक्षर पाहिले. मग आजोबांकडे पाहिले.

"अप्पाआजोबा," ती हळूच म्हणाली, "'एक पक्षी' तुम्ही?"

"हो," अप्पा म्हणाले. "आणि सरकारही मीच."

तिने असा काही आवाज काढला, की सूनबाई केस बांधता बांधता धावत आली आणि मुलगा अर्धी दाढी केलेल्या तोंडाने. सगळे कळायला मिनिटभर लागले.

"आणि मी तुम्हाला शाब्बास म्हणत होतो!" मुलगा म्हणाला आणि साबणासकट खुर्चीत बसला.

"मला आवडायचं ते," अप्पा म्हणाले. "आता ते जाऊ द्या. सूनबाई, जिजीच्या मुलीचा पत्ता हवाय. इंग्रजीतून नीट लिहून दे."

"आत्या आतच आहेत की अप्पा. हातात द्या ना!"

"नाही चालत," बायको शेगडीपाशी म्हणाली. "पोस्टानंच जायचंय ते, काल वन्संनी सांगितलंय. तू पत्ता लिही."

कोऱ्या बाजूच्या खाली अप्पांनी शेवटी चारच ओळी लिहिल्या. 'तुझे पत्र मिळाले. उशीर माझा. उभे तुझे, पूर्वीसारखेच. मी डोकावणार नाही. हे पहिले पोस्टाने. पुढची आकडेवाली फोनवरून पाठवील. विणकर हे नाव यापुढे नको. तिथे दोन नावे छापा, थोरलीचे आधी, नाहीतर कोडे मिळणार नाही, असे कचेरीत आज जाऊन सांगतो.'

शेवटचे वाक्य त्यांनी दोनदा वाचले. ते आपणच लिहिले आहे यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. मग त्यांनी पाकीट चिकटवले आणि मन बदलायच्या आत चपला घातल्या.

टपाल कचेरीत त्यांनी पाकिटाचे वजन करून घेतले, तिकिटे लावली, पत्ता पुन्हा तपासला आणि बाहेर येऊन पेटीपाशी उभे राहिले. पाकीट अर्धे आत गेले आणि तिथेच थांबले. तिला आता उभे जमतील का? जमले नाहीत तर? फारच चांगले जमले, तर आपले आडवे तिच्यापुढे टिकतील का? हे वाक्य 'उशीर झाला' असे हवे होते की 'उशीर माझा' तेच बरे? मुद्रितशोधकाचा हात तो. एकदा सुटले की दुरुस्ती नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. मागे एक बाई रांगेत उभी राहिली, तिने थोडी वाट बघितली आणि कंटाळून बाजूने आपले पत्र टाकून निघून गेली.

तेवढ्यात रस्त्याच्या कडेला टॅक्सी थांबली. टपावर दोन बॅगा होत्या. नात पुढे बसली होती आणि मागची काच खाली येत होती.

जिजीने डोके बाहेर काढले. भावाकडे पाहिले, त्याच्या मनगटाकडे पाहिले, पेटीच्या तोंडात अडकलेल्या पाकिटाकडे पाहिले.

"सोड की रे घुम्या!" ती भर रस्त्यात ओरडली. "माझं विमान जाईल!"

अप्पांनी सोडले.